आंदणाची गाय

"दावं सोडा, आत्या," रेणुका म्हणाली. "हिच्यापायी माझ्या जर्सीचा जीव चाललाय."

सुंदराबाईंनी दाव्याचा आणखी एक वेढा मनगटाला दिला. दाव्याच्या दुसऱ्या टोकाला काशी होती, चौदा वर्षांची गावठी गाय. तिला न्यायला आलेला पलीकडच्या वाडीतला धोंडू अंगणाच्या कडेला विडी ओढत बसला होता. काशीचा जन्म सुंदराबाईंच्या हातावर झालेला. नवरा गेल्यापासून मन मोकळं करून बोलत त्या फक्त हिच्याशी. पण सुनेपुढं त्यांचं चालतंय कुठं!

जर्सी रेणुकाच्या भावानं, विनीतनं, बहिणीला आंदण म्हणून कराडहून टेम्पोत घालून खाली कोकणात पाठवली होती. वडील नसलेल्या पोरीला माहेराहून आलेली तेवढी एकच वस्तू. रेणुका तिला साबण लावून न्हाऊ घालायची. तिच्या अंगावर गोचीड औषधालाही सापडायची नाही. काशीचे कान मात्र गोचिडांनी भरलेले. त्यामुळं व्यायल्यावर जर्सीला ताप भरला, खांद्यापुढच्या गाठी सुजल्या, तिनं रवंथ सोडलं, तेव्हा सगळ्यांनी काशीकडंच पाहिलं. मुंबईहून सुंदराबाईंच्या लेकानं, राजेंद्रनं, फोनवर निकाल देऊन टाकला, म्हातारीला घरातून काढा. म्हातारी म्हणजे गाय, एवढं तरी त्यानं पुढं सांगितलं, हे नशीब.

तेवढ्यात डॉक्टर नम्रताची स्कूटी आली. आठवड्यापूर्वी तिनं जर्सीला इंजेक्शन दिलं होतं आणि दोन्ही गायींचं रक्त तपासायला पाठवलं होतं. रेणुका गरम पाणी आणायला आत पळाली. नम्रतानं जर्सीचा ताप पाहिला, मान डोलावली आणि सुंदराबाईंपाशी आली.

"ताप उतरलाय. आणि निकाल आला, आजी. दोघींच्याही रक्तात थायलेरिया नावाचे जंतू आहेत. पण जात वेगळी. काशीच्या रक्तातले मवाळ. इकडच्या गावठी गुरांत ते जन्मभर राहतात, सहसा काही करत नाहीत. जर्सीच्या रक्तातले जहाल. ते काशीचे नव्हेत. तिनं ते घाटावरूनच रक्तात आणलेत, वेताच्या ताणानं उसळले."

"म्हंजे हिनं काय नाय केलंन?"

"काहीच नाही."

सुंदराबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी काशीच्या गळ्याची पोळी कुरवाळली. आता एक हाक मारायची, सगळं सुनेच्या तोंडावर सांगायचं, की चालली जर्सी आली तशी कराडला. आठ दिवस त्यांनी किती ऐकून घेतलं होतं!

"पण दोघींना एका गोठ्यात ठेवू नका," नम्रता म्हणाली. "जर्सी वाचेल, तरी ते जंतू तिच्या रक्तात राहतील. तिचं रक्त प्यालेली एखादी गोचीड पुढं काशीला चावली, तर या वयात काशीला नाही झेपायचं. दोघींतली एक हलवायलाच हवी. कुठली, ते तुम्ही ठरवा."

आतून रेणुकाचा आवाज येत होता. ती फोनवर भावाशी बोलत होती. "नाही रे दादा, तुझ्या गायीत खोट कशी असंल? हितल्या गोचिडांनी झालंय." बोलता बोलता तिला रडू फुटलं. आठ दिवस ही पोर गोठ्यात गायीच्या उशाशी बसून होती. पोटभर जेवलीही नव्हती. सुंदराबाईंना तिचा राग आला होता, आणि आता तिची दया येऊ लागली, तीही जरा रागातच.

रेणुका पाण्याची बादली घेऊन बाहेर आली. डोळे पुसायचंही तिला सुचलं नव्हतं.

"काय आलं हो रक्तात?" तिनं भीत भीत विचारलं. "काशीचंच ना?"

नम्रतानं तोंड उघडलं. पण सुंदराबाईंनी मनगटाचा वेढा सोडवला होता आणि त्या धोंडूला हाक मारत होत्या. त्यांनी दावं त्याच्या हातात दिलं आणि काशीकडं न बघता सुनेकडं वळल्या.

"काशीचंच गो," त्या म्हणाल्या. "तुझ्या भावाला सांग, लाखात एक गाय दिलीन त्यानं."