लढाईतली घोंगडी

डोंगरातल्या आमच्या सेमोन्कोंग गावात नवं हॉटेल होतंय. तिथल्या दगडी भिंती मी बांधतो. काल मालक सीइसोने मला आत बोलावलं आणि नुकतीच टांगलेली एक जुनी घोंगडी दाखवली.

"बघा बाबा, जुन्या काळी बोअर गोऱ्यांशी झालेल्या लढाईतली! तुमच्या खाणीतल्या मोखेलेच्या पणजोबाने छातीवर गोळी झेलली, हे तिचं भोक. गेल्या वर्षी मोखेलेनेच आणून दिली. घरात कळलं तर भांडतील, कुणाला सांगू नका म्हणाला."

"पांघरून बघा मालक, भोक पाठीवर येतं."

"पाहुण्यांना काय कळतंय! तुम्ही आपले दगड बसवा."

मी घोंगडीचा कोपरा हातात घेतला. तो माझ्या चिलमीने जळलेला होता. त्यावर पुसेलेत्सोने, माझ्या बायकोने, घातलेले पिवळे टाके होते.

चार वर्षांपूर्वी पहाटे गोठ्यात आवाज झाला, म्हणून माझी घोंगडी पांघरून ती बाहेर गेली. गुरं चोरायला आलेल्यांनी तिच्या पाठीत गोळी घातली. आमच्या अकरा गाई नेल्या, आणि रक्ताने भिजलेली घोंगडीही तिच्या अंगावरून ओढून नेली. ते कोण होते, कधीच कळलं नाही. तिची शवपेटी उचलायला सगळ्यांत पुढे मोखेले होता.

मी घोंगडी नीट केली, हातोडा घेतला आणि खाली खाणीत गेलो.



मोखेले वाकून माझ्यासाठी दगड फोडत होता. त्याची पाठ माझ्याकडे होती.