कातड्यातला अंगठा

लोणारले वह्या विकून आल्यापासून आमचा उद्धव फार गोडीनं वागून राह्यला, आणि हेच मले खपत नाही. पोटचं पोरगं मायले उलटून बोलत नाही म्हणजे काय?

नवं राज्य झालं, शाळांत चित्रकलेचे मास्तर आले, तेव्हापासून आम्ही उंद्री गावात कातडी पुठ्ठ्याच्या चित्रवह्या बांधतो. परवा शिकंज्यातून दाबलेली वही काढली, तर कोऱ्या कातड्यावर अंगठ्याएवढा उंचवटा होता, आतून कोणी रेटल्यासारखा. त्यावर तिरपा व्रण. लहानपणी कातडं कापायची रापी लागून उद्धवच्या अंगठ्यावर पडला होता, तसाच.

मी कातडं चिरलं. आत काहीच नव्हतं. तीन वह्या चिरल्या. चौथीवर पुन्हा तोच अंगठा.

मग जेवायले बसलेल्या उद्धवचा अंगठा पाहिला. गुळगुळीत होता.

मी त्याच्याकडे पाठ केली, चौथी वही तोंडाशी धरली आणि जीव तोडून हाक मारली, "उद्धव, माझ्या बापा!"

कातडं आतून जोरानं रेटलं गेलं.

"काय माय?" मागून ताटावर बसलेला गोड आवाजात बोलला.

मी वही छातीशी आवळली आणि वळले.

"पोटभर जेव," त्याले म्हटलं, "पण मले माय म्हणू नको."