अकरा खडू

तेजश्रीनं खडूंकडे हात नेला आणि तसाच मागे घेतला. वैशाली मॅडमनी घड्याळ पाहिलं. दोन मिनिटं होत आली होती आणि पोरीनं अजून एकही खडू उचलला नव्हता.

प्रश्न सोपा होता. सतरंजीवर अकरा खडू, भोवती पहिलीतली चार मुलं. खडू चौघांना सारखे वाटायचे. तेजश्रीच्या आधी सुयशनं ते अर्ध्या मिनिटात उरकलं होतं. प्रत्येकी दोन, उरले तीन, आणि ते तीन त्यानं शहाण्यासारखे मॅडमच्या हातात दिले. सुयश बेलापूरच्या टॉवरमधला. पहिलीत यायच्या आधीच दोन क्लास करून आलेला. मॅडमनी त्याच्या नावापुढे 'अ' लिहून टाकला.

तेजश्री जवळच्या दिवाळे गावातल्या कोळीवाड्याची. आजोबांची होडी, आजी आणि आई मासळी विकायला बसतात. शंभरपर्यंत अंक म्हणताना ती एकोणतीसवर अडली होती. पाच आणि तीन किती, याला तिनं इतका वेळ घेतला की कंटाळून मॅडमनीच उत्तर सांगितलं. तिच्या नावापुढचा 'ब' जवळजवळ ठरलेलाच होता. खडूंचं हे आपलं उगीच, नव्यानं आलेल्या रंजिताबाईंनी हट्ट धरला म्हणून.

'ब' म्हणजे काय ते शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. 'अ' तुकडी दिवाळीच्या सुट्टीआधी बेरजा-वजाबाक्या संपवते. 'ब' तुकडी तोवर वीसपर्यंत अंक गिरवते. हे अंतर पुढे वाढतच जातं. 'ब'मधून 'अ'मध्ये गेलेलं एकही मूल वैशाली मॅडमना वीस वर्षांत आठवत नव्हतं. याद्या करायचा मान सगळ्यात जुन्या शिक्षिकेचा, म्हणजे त्यांचाच. 'अ' तुकडीही त्याच घ्यायच्या. त्यात कुणाला वावगं वाटायचं नाही, त्यांना तर मुळीच नाही. मॅडम वाईट नव्हत्या. वर्गावर जीव टाकायच्या. फक्त तो वर्ग आधी निवडून घ्यायच्या.

शेवटी तेजश्रीचा हात चालू लागला. दोन खडू इथे, दोन तिथे. तिसऱ्या ढिगात तीन. चौथ्यात चार. मग तिनं तिसऱ्यातला एक खडू चौथ्यातल्या एकाशी बदलला, मान तिरकी करून पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले. सुयश फिदीफिदी हसला. मॅडमनी फुली मारायला पेन टेकवलं.

रंजिताबाई मात्र सतरंजीवर उकिडव्या बसल्या होत्या. त्यांनी एकेका ढिगातले खडू टोकाला टोक लावून ओळीत मांडले. पाच खडू अख्खे होते आणि सहा अर्धुकं. पहिल्या ओळीत दोन अख्खे. दुसरीतही दोन अख्खे. तिसरीत एक अख्खा, दोन अर्धुकं. चौथीत चार अर्धुकं. चारही ओळी एकाच जागी संपल्या. उरलं काहीच नव्हतं.

मॅडमचं पेन तसंच राहिलं. खडू लहानमोठे आहेत हे सुयशला दिसलं नव्हतं. खरं तर त्यांनाही दिसलं नव्हतं. चार ढीग एकाच वेळी डोक्यात धरायचे, पुढे गेलेला हात आवरायचा, चुकलं तर बदलायचं, एवढं सगळं पोर मुकाट्यानं करत होती आणि त्या घड्याळ बघत होत्या. पाच आणि तीनलाही ती विचारच करत असेल. थांबायला तयार नव्हत्या त्या मॅडमच. त्यांना मनापासून लाज वाटली.

रंजिताबाईंनी ढीग पुन्हा होते तसे केले. तिघा मुलांनी भराभर आपापला उचलला. तेजश्री बसून राहिली. सगळ्यांचं झाल्यावर तिनं उरलेला ढीग पुढे ओढला. तिच्या वाट्याला चार अर्धुकं आली. मॅडमनी तिला विचारलं, वाटले तू, मग पहिल्यांदा तू का नाही घेतलेस?

तेजश्रीला या प्रश्नाचंच नवल वाटलं.

"वाटं लावनाऱ्यानं शेवटाला घ्यायचा," ती म्हणाली. "आमची आज्जी घरात म्हावऱ्याचं वाटं लावते ना, ती पन शेवटाला घेते. नायतर लावनारा आपलाच वाटा मोठा करतो."

मधल्या सुट्टीची घंटा झाली. मुलं डबे घेऊन पळाली. वैशाली मॅडम हातातल्या कागदाकडे बघत बसल्या. एका रकान्यात टॉवरची मुलं, दुसऱ्यात दिवाळ्याची आणि आसपासच्या चाळींतली. किती नीटनेटके दोन ढीग लावले होते त्यांनी.

त्यांनी कागद फाडला आणि कोरा घेतला.

"रंजिता, याद्या मी परत करते," त्या म्हणाल्या. "झाल्या की तुकडी आधी तू निवड. राहील ती माझी."