बेटाची जोडणी

सौरवादळाने मोबाइल आणि उपग्रह कायमचे मुके झाले, तेव्हा किनाऱ्यावरच्या हौशी रेडिओवाल्यांनी टेलिफोन केंद्र चालवणाऱ्या एका मोफत सॉफ्टवेअरने आपले संच एकमेकांना जोडले. सगळ्या गावांना मिळून बोलायची वाट एकच होती. एक बोलत असला, की बाकीच्यांनी नुसतं ऐकायचं.

त्या सकाळी धर्मा तांडेल बोलत होता. बेटावरच्या रेडिओखोलीची भिंत त्याच्या अंगावर कोसळली होती आणि बोलायचं बटण त्याच्या हाताखाली दबून राहिलं होतं.

"कमळे, पाणी आत येतंय गं," तो म्हणत होता. त्याला कुणाचंच ऐकू येत नव्हतं.

हर्णैच्या टेकडीवरच्या केंद्रात त्याची बायको कमळी ते ऐकत होती. होडी घालण्यासारखा समुद्र नव्हता. केंद्र सांभाळणाऱ्या सुनेत्राबाई हवेचा दाब आणि वाऱ्याची दिशा बघून उठल्या. चक्रीवादळ उत्तरेच्या गावांकडे वळलं होतं.

"कमळी, बेटाची जोडणी तोडल्याशिवाय मला गावांना सांगता येणार नाही. सांगून झालं, की लगेच जोडते."

"म्हणजे हे बोलत राहणार, आणि ऐकायला कुणीच नसणार?"

"हो."

कमळीने पदर तोंडाशी धरला. "तोडा," ती म्हणाली.

एकामागून एका गावाने उत्तर दिलं. माणसं डोंगराकडे निघाली. मग सुनेत्राबाईंनी बेट पुन्हा जोडलं. नुसती खरखर आली.

कमळी बराच वेळ कान लावून बसली.

"बाई," तिने शेवटी विचारलं, "मधल्या वेळात काय बोलले असतील हो?"