झग्यावरचं साडेसतरा

जादूच्या एका कादंबरीवर सिनेमा निघाला, आणि त्यातल्या राजाचा झगा नेरच्या निजामुद्दीन टेलरने शिवला. पडद्यावर राजाने पाठ फिरवली तसा निजामुद्दीन खुर्चीतून अर्धा उठला. मानेखाली खडूचं साडेसतरा पुसायचं राहिलं होतं. तीस वर्षांची इज्जत गेली!

पण मोबाइलवर चाहत्यांनी शोध लावला होता: ही गुप्त खूण आहे, राजा साडेसतरा दिवसांत मरणार.

निजामुद्दीनने इमानदारीत लिहिलं, "माफ करा, ते खांद्याचं माप हाय. पुसाले भुललो."

लगेच उत्तर आलं, "चाचा, आधी कादंबरी वाचा."

तरी त्याने मापाची वही काढून पाहिली आणि बायकोला म्हणाला, "पण सईदा, राजाचा खांदा तर म्या एकोणीस मोजलता."

काज करता करता सईदाची सुई थांबली.

"अजी, मंग तो राजा नकली हाय!"