टाइप करणं थांबव

सकाळपासून साइमाच्या लॅपटॉपचा पंखा पिसाळल्यासारखा घोंघावत होता. कोड लिहायचा एडिटर उघडला रे उघडला, की प्रोसेसर शंभर टक्क्यांवर! तिने सगळी एक्स्टेन्शन्स बंद केली, एडिटर काढून परत टाकला. ढिम्म फरक नाही.

शेवटी तिने कंपनीच्या तुर्कू शहरातल्या ऑफिसात बसणाऱ्या एस्को या सहकाऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. स्क्रीन आणि कीबोर्ड त्याला दिसेल असा फोन शेजारच्या फळीवर उभा केला आणि वैतागून कॉफी करायला आत गेली. घरात ती एकटीच होती.

"अगं, टाइप करणं थांबव की!" फोनवरून एस्को खेकसला. "प्रत्येक अक्षराला एडिटर सगळा कोड नव्याने तपासतोय. प्रोसेसर खाली येणार कसा?"

"डोकं फिरलंय का तुझं? मी इथे कॉफी ओततेय!" ती स्वयंपाकघरातून ओरडली.

"उगाच फेकू नकोस. हात दिसतायत मला तुझे. आधी ऊठ बघू त्या खुर्चीवरून!"

साइमाचा कप हातातच राहिला.

बाहेरच्या खोलीत खुर्ची करकरली. पंखा मंदावत मंदावत थांबला.

"अस्सं!" एस्को खूश झाला. "उठलीस, की झालं ना शांत? अगं, पण आता चाललीस कुठे?"