एका बाजूची मान

हवानातल्या सिगार कारखान्यात ओनेलियाची मान चार महिने दुखत होती, आणि तीही एकाच बाजूनं. कळ पाठीत उतरे, बोटं थरथरत, सिगार सैल वळली जाई. रमनं चोळून झालं, मिठानं शेकून झालं, उशी बदलून झाली. बाकावर जिवाला चैन म्हणून नाही. सोमवारपर्यंत हात सुधारला नाही, तर सिगार वळणं सोडून कमी मजुरीवर तंबाखूची पानं निवडायला बसवीन, असं मुकादमानं बजावलं होतं.

शुक्रवारी पलीकडच्या बाकावरची म्हातारी रेग्ला उठून आली. "ऊठ पोरी, जागा बदलू. माझ्या बाकावरून व्यासपीठ अगदी समोर दिसतं."

व्यासपीठावर चार महिन्यांपूर्वी आलेला नवा, तरुण वाचक रोजच्यासारखी कादंबरी वाचून दाखवत होता. दीडशे कामगार खाली मान घालून, हात न थांबवता ऐकत होते.

"जागेचा न् माझ्या मानेचा काय संबंध, मावशी?" ओनेलिया कातावून म्हणाली. "गोष्ट तर सगळेच ऐकतात. मान माझीच दुखते."

रेग्लानं तिची पानं उचलून आपल्या बाकावर नेऊन ठेवली.



"ऐकतो ना पोरी. पण आम्ही नुसत्या कानांनी ऐकतो."